सड्यावरचं काळं ताट

पलंगाखालून ते बाहेर ओढलं, त्याच्यावर गुंडाळलेलं जुनं सुती पातळ सोडलं, आणि नाकाशी तो वास आला. आंब्याचा, तुपाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा. वास खरा होता की माझ्या मनातला, देव जाणे. पण रत्नागिरीच्या बाजारात पहिल्या पेट्यांची बोलणी सुरू झाली की दरवर्षी मी हे पातळ सोडते, आणि दरवर्षी मला तो एक वैशाख आठवतो.

वस्तू म्हणाल तर सोलर पॅनल. पण तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल ते नव्हे. शेजारच्या स्लॅबवर चौकटीत बसवलेली काचेची पॅनलं असतात, वर चढवायला दोन माणसं आणि खाली उभं राहून ओरडायला तिसरा लागतो, ती जात वेगळी. आमचं हे काळं, गुळगुळीत, पातळ. मेणकापडाला जरा ताठपणा आला तर दिसेल तसं. वजन दोन शहाळ्यांइतकं. थोडं वाकवलं तरी कुरकुरत नाही. कडेला भोकं आहेत, त्यांतून दोरी ओवायची आणि हवं तिथे बांधायचं. पहिल्यांदा घरात आलं तेव्हा मला ते खेळणंच वाटलं होतं.

"ह्याच्यावर दिवा तरी लागेल का हो?" मी विचारलं.

आमचे हे कधी नाटकी बोलत नाहीत. आयुष्यभर कचेरीत लोकांना "उद्या या" एवढंच सांगत आलेला माणूस. पण त्या दिवशी म्हणाले, "दिव्याचं सोड. माझा श्वास चालेल ह्याच्यावर."

ह्यांच्या श्वासाचं सांगायला हवं. निवृत्त झाले तेव्हा ह्यांच्या डोक्यात एकच होतं. फाल्गुनापासून वैशाख संपेपर्यंत सड्यावरच्या, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या माळावरच्या, बागेत राहायचं. बाग वडिलांनी लावलेली. जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे केले, खालून डोक्यावरून माती आणून त्यांत ओतली आणि कलमं जगवली. नोकरी होती तोवर ह्यांना बाग फक्त रविवारी भेटायची. आता रोज भेटणार होती. एक मोसम राहिलेही. मग छातीने दगा दिला. मोहोराचा धुरळा, फवारणीचा वास, वाळल्या गवताचा भुसा, कशानेही धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ यंत्रावर औषधाची वाफ घ्यायची आणि धाप लागली की तिथल्या तिथे घ्यायची. यंत्राला वीज हवी आणि सड्यावर वीज नाही. खांब आणायचे तर दुसऱ्यांच्या बागांतून आणावे लागतात, आणि कोकणात दोन बागांच्या मधल्या दगडी गडग्यावर किती पिढ्या भांडतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

मुंबईहून मंदारचा, आमच्या मुलाचा, फोन. "बाबा, बाग कराराने देऊन टाका. पेट्या घरपोच येतील. तुम्ही नुसते खा."

ह्यांनी वाद घातला नाही, हेच वाईट होतं. गावातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून सड्याची एक कड दिसते. हे सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहायचे ते चहा निवेपर्यंत. त्या वर्षी फ्लॅटमध्ये हापूसच्या पेट्या आल्या आणि ह्यांनी एक फोडसुद्धा तोंडाला लावली नाही. माणूस आजाराने खंगतो तसा मनानेही खंगतो, ते मी तेव्हा रोज जेवणाच्या ताटात बघत होते.

मला स्वतःला सड्याची काही ओढ नव्हती, हेही सांगते. मी देवरूखची. आमच्याकडे डोंगराची सावली, दारात ओहोळ. सड्यावर म्हणजे खाली कातळ तापतो, वर पत्रा तापतो, आणि मधल्या मांगरात आपण उकडतो. मांगर म्हणजे बागेतलं खोपटंच, राखणीला आणि आंबे ठेवायला. पण ताटातली फोड तशीच उरलेली बघण्यापेक्षा उकडलेलं बरं, असं मी ठरवलं आणि गावातल्या सोलरच्या दुकानात ह्यांना घेऊन गेले.

दुकानदार भला. बघायला सड्यावर आला, मांगराच्या एका वाशात नखाने टोकरलं, तर भुगा पडला. वाळवी. "काकी, हा आढ्यासकट खाली येईल काचेच्या वजनाने," म्हणाला, आणि हे हलकं पॅनल सुचवलं. वर जे चांगलं ते सांगितलं आणि जे वाईट तेही सांगितलं. उचलायला सोपं, बांधायला सोपं. पण हे काचेसारखं वर्षानुवर्षं टिकत नाही, ओरखडे पडतात, वाऱ्याला जपावं लागतं. पत्र्याला चिकटवून ठेवू नका, खालून हवा हवी, नाहीतर भाजून निघेल.

मंदारने एका अटीवर मान्य केलं. "एकदा जरी मशीन बंद पडलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही खाली. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले. इतक्या चटकन कबूल झाले, की मलाच धास्ती वाटली.

आणि मग तो मोसम.

सकाळी मतलई सुटलेली असायची, घाटाकडून समुद्राकडे जाणारा तो कोरडा गार वारा. गडी झेले, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या, घेऊन झाडांवर चढायचे. मांगराच्या दारात खुर्ची टाकून हे नाकातोंडावर मास्क लावून बसायचे. यंत्राची घरघर चालू, तोंडाने बोलायची बंदी, आणि ह्यांना तर सगळ्या बागेला सूचना द्यायच्या असायच्या! मग दोन्ही हातांनी खुणा. ती फांदी, ती नव्हे, त्याच्या वरची, देठ ठेव, अरे देठ! झाडावरचा गडी खाली बघून विचारायचा, "अण्णा काय म्हणतायत, काकी?" मी म्हणायची, "देठ." नोकरीत ह्यांनी इतकं काम कधी केलं असेल असं मला वाटत नाही.

पत्र्यावर बांबूच्या कांबी बांधून त्यांवर ते काळं पॅनल आडवं टाकलेलं. त्याची लांब वायर दारातून आत, एका डब्याला. डब्यात बॅटरी. डब्यावर हिरवा दिवा असला की चार्ज आहे, लाल झाला की संपत आलं. त्या हिरव्या दिव्याला मी देवाच्या समईसारखी जपायची. संध्याकाळी त्याच डब्यावर छोटा पंखा चालायचा, गड्यांचे मोबाइल चार्ज व्हायचे, आणि घरच्यांशी बोलताना एकेकाच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा तोही त्याच पॅनलचा. जन्मभर आम्ही उन्हाला शिव्या दिल्या. सड्यावरचं ऊन म्हणजे छळ, असंच धरून चाललो. ते ऊन माझ्या नवऱ्याच्या छातीत हवा भरतंय, ही गोष्ट मला तेव्हाही पटकन पटायची नाही. पण रोज सकाळी यंत्र सुरू झालं की मी आपोआप सूर्याकडे बघून हात जोडायची. माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, चला, सून सुधारली.

सगळं गोडच होतं असं नाही. ऐन दुपारी, ऊन अगदी डोळ्यांत खुपेल असं असताना, हे पॅनल सुस्तावायचं. तापलं की त्याची वीज कमी. म्हणजे आमच्यासारखंच, जेवण झालं की पडून राहायचं. खारट वाऱ्याने वायरीच्या जोडाला गंज धरायचा, तो मी जुन्या टूथब्रशने खरवडायची. आणि वारा! आंब्याच्या दिवसांत वळवाचा वारा कधी उठेल याचा नेम नाही. काचेचं जड पॅनल आपल्या जागी बसून राहतं. हे पतंगासारखं फडफडायचं. आभाळ भरून आलं की सगळे आंब्यांचे क्रेट झाकायला धावायचे आणि मी पॅनल उतरवायला.

त्याच मोसमात आक्का आल्या. माझी थोरली नणंद. मुंबईत लेकीकडे राहतात, पण आंब्याला माहेरी येणं चुकत नाही. ह्यांची आई सतत आजारी, म्हणून ह्यांना आक्कांनीच वाढवलं. शाळेत जाताना कडेवर घेऊन जायच्या आणि शाळेजवळ आलं की खाली ठेवायच्या, पोरं हसतील म्हणून. अजूनही ह्यांना 'बाळ्या' म्हणतात, आणि बाळ्याची बायको म्हणून मला स्वयंपाकातलं काही येत नाही अशी त्यांची ठाम समजूत.

आक्का आल्या की आंबापोळी आलीच. पडीचे, डागी आंबे त्या वाया जाऊ देत नाहीत. रस काढायचा, साखर घालून आटवायचा, तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरायचा आणि उन्हात ठेवायचा. पण मांगरात ताटं ती किती असणार? आदल्या संध्याकाळी जोराचा वारा आला होता, म्हणून पॅनल उतरवलं होतं, आणि सकाळी ह्यांनी ते पत्र्यावर न चढवता मांगरापुढच्या खळ्यात, दोन उलट्या क्रेटवर ठेवलं होतं. मी आत अढी लावत होते. अढी म्हणजे पेंढ्याच्या थरांत पिकायला ठेवलेले आंबे. आक्का रसाचं पातेलं घेऊन खळ्यात आल्या. समोर काळं, गुळगुळीत, उन्हात तापलेलं, उभा काठ नाही, खळगा नाही. आता कोकणातल्या कुठल्या बाईच्या हाताला हे बघून खाज सुटणार नाही, तुम्हीच सांगा.

त्यांनी त्याला तूप लावलं आणि वर रस पसरला. छान, एकसारखा. वर मलमलचं फडकंही टाकलं, माश्या बसू नयेत म्हणून.

रात्रभर पंखा चालला होता, आदल्या दिवशी ऊन कमी मिळालं होतं, आणि आता दिवसभर पॅनल रसाखाली. डब्यावरचा दिवा कधी लाल झाला आणि कधी विझला, कोणी बघितलंच नाही.

दुपार कलली तेव्हा गड्यांनी नवा पेंढा झटकायला घेतला. त्याचा भुसा उडाला. हे दारातच होते. मी खोकला ऐकला, मग खोकल्याच्या मागची ती शीळ ऐकली, आणि हातातले आंबे टाकून धावले. हे खुर्चीच्या दांड्या धरून पुढे वाकलेले, खांदे कानांपर्यंत गेलेले. खिशातला पंप ओढला, पण त्याने भागेना. यंत्र लावलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. डब्याकडे बघितलं, तर दिवा विझलेला. टेम्पो पेट्या घेऊन रत्नागिरीला गेला होता. फोन केला तर तो म्हणाला निघतो, पण सड्याचा रस्ता तुम्हाला माहीत आहे.

"आक्का, पॅनल! पॅनल कुठाय?"

आक्का दारात आल्या, ह्यांना बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. एका क्षणात त्यांना कळलं. उलथणं आणून त्यांनी पोळी खरवडायला घेतली, वरच्या प्लास्टिकवर ओरखडे उठत होते. मग कळशीभर पाणी ओतलं, पदराने पुसलं, तुपाचा तवंग तसाच. पण तोवर खळ्यात काजूच्या झाडाची सावली आली होती. ऊन पुढे सरकून उघड्या कातळावर गेलं होतं, आणि तेही तिरपं.

आक्कांनी ते पॅनल उचललं. सत्तरी उलटलेल्या बाईने. वायर ताणली जाईल तितकं लांब कातळावर गेल्या, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि ते छातीशी उभं धरलं, सूर्यासमोर. काचेचं असतं तर त्यांच्याच्याने ते जागचं हललं नसतं. डब्यावर लाल दिवा लुकलुकला. मी श्वास धरून बसले. मग यंत्राची घरघर एकदा उमटली, थांबली, आणि पुन्हा सुरू झाली.

"चालतंय का गो?" पॅनलमागून आवाज आला.

"चालतंय, आक्का! असंच धरा!"

हात जरा खाली आले की घरघर मंदावायची. मी ओरडायची, "वर!" आणि ते काळं चौकोनी पुन्हा वर व्हायचं. एक गडी धावला, म्हणाला, "आणा, मी धरतो." आक्का म्हणाल्या, "हात नको लावू मेल्या, सरकलं तर बंद पडेल."

ह्यांना जरा श्वास आला तशी त्यांनी हाताने खूण करायला सुरुवात केली. बस, बस. आक्काला बसव. पण आक्कांना ते दिसत नव्हतं. त्यांची पाठ आमच्याकडे, आणि डोळ्यांसमोर पॅनल होतं. त्या आपल्या दर थोड्या वेळाने तेच विचारत होत्या, "चालतंय का गो?" आणि मी तेच सांगत होते. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धापेनं की कशानं, मी विचारलं नाही. मास्कमधून पांढरी वाफ येत होती, आणि त्या वाफेपलीकडे ती पातळशी म्हातारी ऊन धरून उभी होती. माझ्या आयुष्यात मी इतकी कोणाची ऋणी कधी झाले नाही.

टेम्पो आला तेव्हा ह्यांचे खांदे खाली आले होते, शीळ थांबली होती. डॉक्टरांकडे नेलंच. ते म्हणाले, वेळेवर वाफ मिळाली. आक्कांचे हात मात्र दोन दिवस वर होत नव्हते. मी केस विंचरून दिले, तर म्हणाल्या, "हळू गो, ओढतेस."

मंदारला सांगणं भाग होतं. कबूल केलं होतं. मी फोन लावला आणि झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मशीन बंद पडलं."

आक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बंद नाही पडलं रे, मी पाडलं. आंबापोळी घातली होती मी त्याच्यावर. खाली न्यायचं तर मला ने. बाबाला कशाला नेतोस?"

मग मंदार हसला. आधी हळू, मग थांबवता येईना असा. हसता हसता रडला असणार, कारण नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. "राहू दे," म्हणाला. "पण आत्या, ताटं मी पाठवतो."

त्यानंतरचे मोसम आम्ही सड्यावरच काढले. ह्यांनी प्रत्येक मोसमात पहिली फोड झाडाखाली उभं राहून खाल्ली. मी त्या पॅनलला नावं ठेवू शकत नाही, इतकं त्याने दिलंय.

पण म्हातारं झालंय ते. पातळ उलगडून मी आज ते खिडकीच्या उजेडात धरलं. उलथण्याचे ओरखडे दिसतात. कडांना बुडबुडे आलेत, मध्ये तपकिरी डाग पडलेत. गेल्या वर्षी सकाळची वाफ व्हायची, तर संध्याकाळच्या वाफेला कुरकुर. भंगारवाल्याला दाखवलं तर त्याने हातातही घेतलं नाही. काच नाही, चौकट नाही, मी काय करू ह्याचं, म्हणाला. हे खरंच वाईट आहे. इतकं हलकं, इतकं कामाचं, आणि संपल्यावर त्याला ह्या जगात जागाच नाही. कातळावर फेकून द्यायला माझा हात होत नाही. म्हणून ते पलंगाखालीच राहणार, माझ्या पातळात.

ह्यांची छातीही तशीच खालावलीय. डॉक्टर आता "बघू या" म्हणतात, आणि ते शब्द कसे म्हणतात ते आम्हा दोघांना कळतं.

काल आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखलं. दोन्ही प्रकार पुढे ठेवले, हातात पेन घेऊन मोकळ्या मनाने विचारलं, "काकी, किती वर्षांसाठी बघताय? त्यावर ठरवू. हलकं थोडी वर्षं जातं, काचेचं पुष्कळ."

मी उत्तर द्यायच्या आत हे म्हणाले, "हलकंच द्या. मला पुरेल तेवढं."

अगदी साध्या आवाजात. भाजी किती द्यायची विचारल्यावर सांगतात तसं. दुकानदाराने मान हलवली आणि एक खाली काढलं. इतके मोसम मी ह्या माणसाच्या मागून सड्यावर गेले ते ह्याच्यासाठी, असं मला वाटत आलं होतं. त्या काउंटरशी उभं राहून मला कळलं, की मला स्वतःलाच अजून खूप मोसम हवेत. ह्यांच्यासकट.

"दोन द्या," मी म्हटलं.

"अगं, दोन कशाला? एवढासा मांगर."

"एक खराब झालं की दुसरं लागेल ना. तेव्हा कुठे धावत येऊ मी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. मग पुढे झाले. भाजीची पिशवीसुद्धा अर्ध्या जिन्यात माझ्या हातात देणारा हा माणूस, त्याने ती दोन्ही पॅनलं बगलेत मारली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला. रिक्षात बसेपर्यंत मला त्यांना हातही लावू दिला नाही.